एकदा पोळल्यावर तीच कंपनी पुन्हा? ठरवायचं कशावरून?

पिंपळपार

नवी गाडी घ्यायची म्हटलं की बऱ्याच घरांत यादी करायच्या आधीच एक-दोन नावांवर काट बसलेली असते. "ती कंपनी नको" म्हटलं की विषय संपतो. कारण खोदून विचारलं तर दहा-बारा वर्षांपूर्वीची गाडी निघते. गिअरबॉक्स वॉरंटी संपल्यावर लगेच गेला, पार्ट यायला महिना लागला, सर्व्हिस सेंटरने दोष मालकाच्या चालवण्यावर ढकलला. ही काट मालकापुरतीही राहत नाही. भाऊ, मेहुणे, मुलं सगळ्यांना लागू होते, आणि मधल्या काळात त्या कंपनीने इंजिन, गिअरबॉक्स, कारखाना सगळं बदललं असलं तरी ती उठत नाही.

हा राग चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही. पंधरा-सोळा लाख ही चेष्टा नव्हे. पण रागावर निर्णय घेण्यापेक्षा तपासून घेता येईल का, हे विचारायचं आहे.

समजा बजेट १५ ते १८ लाख, ऑटोमॅटिकच हवी, रोज हिंजवडीचा रांगता ट्रॅफिक, महिन्यातून एकदा ताम्हिणी किंवा खंबाटकी. अशा वेळी:

१. जुन्या गाडीत जो भाग गेला होता तोच नव्या गाडीत आहे का, हे शोरूमच्या सेल्समनवर विसंबून न राहता कसं कळेल?

२. दोष गाडीचा, कंपनीचा की डीलरचा, हे वेगळं कसं काढायचं?

३. कंपनी कशी वागली असेल तर तिला दुसरी संधी द्यावी?

नेमकी माहिती असलेल्यांनी लिहावं. "आमची तर मस्त चालते" एवढंच असेल तर उपयोग नाही.

---

क्लचप्लेट

पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो. काट कंपनीवर मारू नका, युनिटवर मारा. युनिट म्हणजे अमुक इंजिन, अमुक गिअरबॉक्स आणि त्यांचं उत्पादन वर्ष. बोनेटवरच्या बिल्ल्याला दोष येत नाही, युनिटला येतो.

तुम्ही ऑटोमॅटिक आणि दहा-बारा वर्षं म्हणालात, म्हणून फोक्सवॅगन-स्कोडाच्या डीएसजीचंच, म्हणजे त्यांच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच उदाहरण घेतो. आपल्याकडे "डीएसजी नको" असं सरसकट म्हणतात, पण बदनाम झालं ते त्यातलं एक युनिट: सात गिअरचं, कोरड्या क्लचचं डीक्यू २००. त्याच घराण्यातल्या डीक्यू २५० आणि डीक्यू ३८१ चे क्लच तेलात बुडालेले असतात. क्लच घसरला की उष्णता तयार होते. ओल्या क्लचमध्ये ती तेल वाहून नेतं, कोरड्यात ती प्लेट आणि हाऊसिंगमध्येच राहते. रांगत्या ट्रॅफिकमध्ये कोरडा क्लच सतत अर्धवट लागलेला असतो, म्हणून पुण्या-मुंबईचा ट्रॅफिक त्याला जर्मनीच्या हायवेपेक्षा फार जड जातो.

डीक्यू २०० मध्ये दोन वेगळे दोष दिसतात आणि लोक ते एकच समजतात. एक, क्लच पॅक झिजणं किंवा तापून थरथरणं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी अंग झटकल्यासारखी हलते. दुसरा मेकाट्रॉनिकचा. हे हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक्सचं एकत्र युनिट आहे. आतला पंप साधारण ४० ते ६० बार दाब तयार करतो आणि तो दाब अक्युम्युलेटरमध्ये साठवला जातो. अक्युम्युलेटर ज्या अॅल्युमिनियमच्या घरात बसतो तिथे भेग पडली की तेल गळतं, दाब टिकत नाही, पंप सारखा चालू राहतो आणि शेवटी गाडी जागेवर उभी राहते. डिस्प्लेवर गिअरचा आकडा लुकलुकतो, स्कॅनरवर बहुधा पी१७बीएफ हा कोड येतो. इथे मालकाने कसं चालवलं याचा काहीही संबंध नसतो. चालवण्याच्या सवयीचा परिणाम पहिल्या दोषावर होतो, दुसऱ्यावर नाही. जॉबकार्ड वाचताना हा फरक धरून ठेवा.

तिसरी भानगड तेलाची होती. कंपनीने मुळात सिंथेटिक गिअर तेल भरलं होतं. गरम, दमट हवा आणि थांबत-चालत वाहतूक असलेल्या देशांत त्या तेलामुळे विजेचा बिघाड होऊन गिअरबॉक्स बंद पडू शकतो असं निघालं, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांत ते काढून मिनरल तेल भरण्यात आलं. त्याआधी मार्च २०१३ मध्ये चीनमध्ये याच गिअरबॉक्ससाठी ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या होत्या, आणि तिथे २०१२ पासूनच वॉरंटी १० वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढवलेली होती. गिअरबॉक्स तोच, ग्राहकाला मिळालेलं संरक्षण मात्र प्रत्येक देशात वेगळं. लोकांच्या रागाचं मूळ पुष्कळदा इथेच असतं आणि तो राग रास्त आहे.

आता नव्या गाडीकडे या. स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन २०२१ साली चाकणहून निघायला लागल्या तेव्हा एकाच शोरूममध्ये, एकाच बॉडीत दोन वेगळे ऑटोमॅटिक मिळत होते. १.० टीएसआय या टर्बो पेट्रोल इंजिनाला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (यात क्लचऐवजी तेलातून जोर पोचतो), १.५ टीएसआयला तोच डीक्यू २००. त्यातही १.५ चा टॉर्क २५० न्यूटन-मीटर आणि डीक्यू २०० ची घोषित मर्यादाही २५० न्यूटन-मीटर, म्हणजे गिअरबॉक्स आपल्या क्षमतेच्या काठावर काम करतो. १.० चा टॉर्क १७५ च्या आसपास. २०१३ च्या पोलो जीटीमुळे ज्याने या कंपनीवर फुली मारली त्याने तीच फुली १.० च्या टॉर्क कन्व्हर्टरवर मारण्यात अर्थ नाही. १.५ च्या बाबतीत मात्र तो जो प्रश्न विचारतोय तो आजही लागू आहे. मधल्या काळात युनिटमध्ये सुधारणा झाल्या आहेत, पण क्लच कोरडाच आहे.

उलटंही बघा. "जर्मन नको, कोरियन घेऊ" म्हणून ह्युंदाई-कियाच्या टर्बो पेट्रोलमधली सात गिअरची डीसीटी (हीही दोन क्लचची ऑटोमॅटिक) घेतली तर तिचा क्लचही कोरडाच. कंपनी बदलली, उष्णतेचं गणित बदललं नाही. टाटाच्या अल्ट्रोझमध्ये २०२२ ला आलेली डीसीए, हे टाटाच्या डीसीटीचं नाव, ओल्या क्लचची आहे. म्हणून शोरूममध्ये "ऑटोमॅटिक आहे का" असं न विचारता "टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, एएमटी, की डीसीटी, आणि डीसीटी असेल तर कोरडी की ओली" असं विचारा. सेल्समन अडखळला तर सर्व्हिस मॅन्युअलमधलं गिअरबॉक्स तेलाचं पान मागा. डीक्यू २०० ला साधारण १.७ लिटर गिअर तेल आणि मेकाट्रॉनिकचं वेगळं १ लिटर लागतं. ओल्या क्लचच्या युनिटला पाच-सात लिटर लागतं आणि फिल्टरसकट ठरावीक अंतराला बदलावं लागतं. तेलाच्या आकड्यावरून युनिट ओळखता येतं.

सुधारणा खरंच झाली का, हे पार्ट नंबरवरून कळतं. फोक्सवॅगन समूहात पार्ट नंबरच्या शेवटचं अक्षर बदललं की त्या भागात काहीतरी बदल झालेला असतो. पार्ट्स काउंटरवर चॅसी नंबर देऊन क्लच किट आणि मेकाट्रॉनिकचा चालू नंबर विचारा आणि जुन्या गाडीच्या बिलावरच्या नंबराशी ताडून बघा.

टेस्ट ड्राइव्ह दहा मिनिटांची घेऊ नका. निदान ४० मिनिटं घ्या, शक्य तर दुपारी, एसी लावून. पहिली पंधरा मिनिटं सरळ रांगता ट्रॅफिक. मग चढावर ब्रेक सोडून अॅक्सिलरेटर न देता गाडी कशी पकडते ते बघा. नंतर चढावर रिव्हर्स. गरम झाल्यावर पहिला-दुसरा गिअर बदलताना थरथर येते का याकडे लक्ष द्या. थंड गाडीत ही थरथर दिसत नाही आणि शोरूमची टेस्ट ड्राइव्ह जवळजवळ नेहमी थंड असते.

---

कोकणसडा

वरचं सगळं बरोबर आहे, पण पुण्याच्या बाहेर हिशोब वेगळा लागतो. लोक जिला कंपनीवरची निष्ठा म्हणतात ती अर्ध्याहून जास्त मेकॅनिकवरची निष्ठा असते. देवगड-मालवणकडे गाडी अडली तर अधिकृत वर्कशॉप किती लांब आहे, आणि नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला ती उघडता येते का, यावर माणूस पुढची गाडी ठरवतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण फियाट. १.३ मल्टिजेट डिझेल, १२४८ सीसी. हे इंजिन पुंटो आणि लिनियात होतं, टाटाच्या इंडिका विस्टा आणि मांझात होतं, शेव्हर्ले सेलमध्ये होतं, आणि २००७ पासून मारुतीच्या स्विफ्टमध्ये, मग डिझायरमध्ये. मारुतीने ते परवान्यावर स्वतः बनवलं, फियाटचं रांजणगावला बनायचं. मुळात इंजिन एकच. पण स्विफ्ट डिझेलसाठी महिनोन्महिने वेटिंग लागायचं आणि पुंटो घेणाऱ्याला लोक "विकताना रडशील" म्हणायचे. इंजिनाचा दोष असता तर दोन्ही गाड्या बदनाम झाल्या असत्या.

फियाटची अडचण जुनी. १९९६ ला उनोचं बुकिंग धो-धो झालं, कुर्ल्याच्या कारखान्यात संप झाला आणि पैसे भरून बसलेल्यांना गाड्या वेळेवर मिळाल्या नाहीत. पद्मिनीवर वाढलेल्या मुंबईत तो विश्वास एकदा तुटला तो तुटलाच. पुढे टाटाच्या शोरूममधून विक्री आणि सर्व्हिस झाली, २०१२ नंतर ती वेगळी काढली. म्हणजे ग्राहकाने काही वर्षांत सर्व्हिसचं दार दोनदा बदललं. २०१९ च्या सुमारास विक्रीच थांबली. पुंटोचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग त्या किमतीत दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, ते मनापासून वाईट वाटण्यासारखं आहे.

म्हणून शोरूमला जायच्या आधी सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरला जा. सेल्समन बरोबर घेऊ नका. या भागांची किंमत आणि "आज सांगितलं तर किती दिवसांत येईल" हे लिहून घ्या: हेडलॅम्प, पुढचा बंपर, बाहेरचा आरसा, पुढचा शॉक अॅब्सॉर्बर, व्हील बेअरिंग, एसी कंप्रेसर, अल्टरनेटर, रेडिएटर, क्लच किट, आणि इंजिन ईसीयू (इंजिन चालवणारा कंप्युटर). पहिले तीन अपघातात जातात, मधले सहा ६०-८० हजार किलोमीटरनंतर कधीही मागणी करतात, आणि शेवटचा गेला तर किती दिवस गाडी उभी राहील ते कळतं. दोन कंपन्यांची यादी शेजारी ठेवली की खरं चित्र दिसतं.

दुसरी गोष्ट, भाग सुटा मिळतो की अख्खी असेंब्लीच घ्यावी लागते हे विचारा. आरशाची नुसती काच फुटली तर काच मिळते का, की मोटरसकट पूर्ण आरसा? हेडलॅम्पचा एक कान तुटला तर दुरुस्तीचा कान मिळतो का? व्हील बेअरिंग हबसकट येतं की वेगळं? फोर्डने २०१० ला फिगो आणली तेव्हा हेच ओळखून सुटे बारीक भाग वेगळे विकायला सुरुवात केली, कारण त्याआधी "फोर्ड म्हणजे महाग पार्ट" ही समजूत त्यांना भोवत होती. फिगोमुळे ती बरीच सैल झाली. समजूत जाहिरातीने बदलली नाही, पार्ट्सच्या बिलाने बदलली.

---

तक्रारवही

दुसरा प्रश्न: दोष गाडीचा, कंपनीचा की डीलरचा. हे नंतर आठवून ठरत नाही, तेव्हाच्या तेव्हा कागदावर आणावं लागतं.

जॉबकार्डवर तक्रार सर्व्हिस अॅडव्हायझरच्या शब्दांत जाऊ देऊ नका. तो "जनरल चेकअप" लिहितो आणि सहा महिन्यांनी नोंद शून्य असते. स्वतःच्या शब्दांत लिहायला लावा: "इंजिन गरम असताना, पहिल्या ते दुसऱ्या गिअरमध्ये, १० ते १५ किमी वेगाला थरथर, रोज." किलोमीटर रीडिंग आणि तारीख हवीच. गाडी सोडायच्या आधी स्कॅनचा प्रिंट मागा, आणि कोड पुसण्यापूर्वीचा मागा. पुसल्यावर काढलेला प्रिंट कोराच येणार. अॅडव्हायझरला शेजारी बसवून फेरी मारा आणि त्याला दोष दिसला तर "रोड टेस्टमध्ये तक्रार आढळली" अशी ओळ घालून सही घ्या. ही एक ओळ नंतरच्या दहा ईमेलना भारी पडते. परत नेताना काय केलं, कोणता भाग बदलला, पार्ट नंबर काय, हे बिलावर आलंच पाहिजे, वॉरंटीत शून्य रुपयांचं बिल असलं तरी.

एकच तक्रार तिसऱ्यांदा आली की कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरची लेखी भेट मागा. डीलरचा मॅनेजर आणि कंपनीचा माणूस हे दोन वेगळे आहेत. मग कंपनीला ईमेल, त्यात सगळ्या जॉबकार्डांची तारीखवार यादी. तिथे अडलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथल्या नोंदीवर कंपन्या बऱ्याचदा उत्तर देतात. शेवटचा टप्पा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. भरलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर इथेच, मुदत दोन वर्षं, शुल्क ५ लाखांपर्यंत काही नाही, १० ते २० लाखांच्या गाडीला ४०० रुपये, २० ते ५० लाखांना १,०००. २०१९ च्या कायद्याने तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता तिथे दाखल करता येते, डीलरच्या गावी जावं लागत नाही.

प्रतिवादी म्हणून डीलर आणि उत्पादक दोघांनाही घाला, आणि कुणाचा काय दोष हे वेगवेगळं लिहा. गोव्यातला एक खटला इथे मुद्दाम सांगण्यासारखा आहे. २००९ चं मॉडेल, ६२२ किलोमीटर चाललेली गाडी २०११ मध्ये नवी म्हणून विकली गेली होती. खालच्या आयोगांनी उत्पादकालाही जबाबदार धरलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाला त्यातून सोडवलं, कारण डीलर हा स्वतंत्र व्यापारी आहे आणि त्याच्या या वागण्याची उत्पादकाला माहिती होती असं सिद्ध झालं नव्हतं. ग्राहकाच्या मनात मात्र बिल्ला एकच असतो. डीलरने फसवलं तरी काट कंपनीवर बसते, आणि कायद्यात त्याच कंपनीचा हात सुटलेला असू शकतो.

गाडीच बदलून मिळेल ही अपेक्षा कमी ठेवा. २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटी बघून पूर्ण गाडी बदलण्याऐवजी सदोष भागापुरता दिलासा ठेवला. उत्पादनातला दोष आहे हे दाखवायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. स्वतंत्र सर्वेअर किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ऑटोमोबाइल विभाग तपासणीसाठी आयोगाकडून नेमून घेता येतो. त्यासाठी गाडी दोषासकट जपावी लागते. बाहेरच्या गॅरेजात उघडली की पुरावा गेला.

रिकॉलचंही बघा. २०१२ पासून कंपन्या स्वतःहून रिकॉल जाहीर करत होत्या, पण सक्तीची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ ला आली आणि तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू आहेत. सुरक्षिततेचा दोष असेल तर परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर नोंद करा. पुरेशा नोंदी झाल्या तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. लोक व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनशे तक्रारी लिहितात आणि पोर्टलवर दोन.

एक्स्टेंडेड वॉरंटी घेताना ती कंपनीची आहे की डीलरने जोडलेली विमा पॉलिसी आहे, हे पहिल्या पानावर बघा. आणि "झीज होणारे भाग वगळून" या ओळीत ड्युअल क्लचची प्लेट येते का, हे लेखी विचारा. ती वगळली असेल तर डीसीटीवाल्याने वॉरंटी घेतली तरी नेमकं हवं तेच झाकलं जात नाही.

---

एडिसनकर

तिसऱ्या प्रश्नाला अमेरिकेतली उदाहरणं उपयोगी पडतील, कारण इथे कंपन्यांनी काय केलं ते कागदोपत्री राहतं. इथल्या मराठी घरांतही "टोयोटा नाहीतर होंडा" ही घरची रीतच झाली आहे. पण या दोघांच्या गाड्या कधी बिघडल्याच नाहीत असं नाही.

होंडाचे १९९९ नंतरचे व्ही-६ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ओडिसी आणि अॅकॉर्डमधले, मोठ्या प्रमाणात गेले. होंडाने वॉरंटी ७ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली, आणि २००४ मध्ये दुसऱ्या गिअरच्या अतितापामुळे सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या. टोयोटाच्या १९९७ ते २००२ च्या इंजिनांत तेलाचा चिकट गाळ होऊन इंजिन जॅम व्हायचं. आधी तेल वेळेवर न बदलल्याचा ठपका मालकांवर आला, मग सुमारे ३३ लाख गाड्यांना आठ वर्षं, मैलांची मर्यादा न ठेवता संरक्षण दिलं. आणि टकोमा पिकअप, १९९५ ते २००० मधल्या: चॅसीची फ्रेम आतून गंजायची. टोयोटाने २००८ मध्ये गंजासाठी संरक्षण १५ वर्षांपर्यंत नेलं आणि दुरुस्त न होणाऱ्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट किमतीला परत घेतल्या. गंजून भोक पडलेल्या गाडीला चांगल्या गाडीच्या दीडपट! त्या पैशातून पुष्कळांनी पुन्हा टकोमाच घेतली तर नवल नाही.

लेक्सस या टोयोटाच्या महागड्या ब्रँडचं तर सुरुवातीलाच झालं. एलएस ४०० सप्टेंबर १९८९ ला विक्रीला आली आणि डिसेंबरात ब्रेक लाइटचं वायरिंग आणि क्रूझ कंट्रोलसाठी ८,००० गाड्या बोलवाव्या लागल्या. गाड्या घरून नेल्या, काम करून, धुऊन, टाकी भरून परत पोचवल्या. नव्या ब्रँडसाठी तीन महिन्यांत रिकॉल म्हणजे मरण, पण त्या प्रसंगावरच त्यांचं नाव उभं राहिलं.

आता दुसरी बाजू. फोर्डची दोन क्लचची ऑटोमॅटिक, पॉवरशिफ्ट डीपीएस६, ही पण कोरड्या क्लचची. इनपुट शाफ्टच्या सीलमधून तेल क्लचवर यायचं आणि गाडी थरथरायची. ऑस्ट्रेलियात ग्राहकांना सांगितलं गेलं की थरथर तुमच्या चालवण्यामुळे आहे, आणि कंपनीला आतून दोष माहीत होता. २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. यांत्रिक दोष सगळ्यांचेच होते. ग्राहक कायमचा जातो तो "चूक तुमची" या वाक्यावर.

ह्युंदाई-कियाचं थीटा २ इंजिन या दोन्हींच्या मधलं. क्रँकशाफ्टच्या मशिनिंगमधले धातूचे कण तेलवाटांत राहून कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग खायचे. २०१५ आणि २०१७ ला रिकॉल झाले, ते उशिरा केले म्हणून २०२० मध्ये सरकारी कारवाई झाली. पण मग त्यांनी बेअरिंगचा ठोका ओळखणारं सॉफ्टवेअर मोफत घातलं आणि ते घातलेल्या गाड्यांना त्या दोषापुरती शॉर्ट ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या मुख्य भागावर, आयुष्यभराची वॉरंटी दिली.

म्हणून तपासायच्या गोष्टी तीन: वॉरंटी मागच्या तारखेपासून वाढवली का, आधी स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती केलेल्यांना पैसे परत दिले का, आणि दोष जाहीर व्हायच्या आधी सर्व्हिस सेंटरना तांत्रिक सूचनापत्र गेलं होतं का. तिसरं असेल आणि पहिली दोन नसतील, तर कंपनीला माहीत होतं आणि ती गप्प बसली. अशा कंपनीला दुसरी संधी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतात लेमन लॉ, म्हणजे वारंवार बिघडणाऱ्या नव्या गाडीसाठीचा खास कायदा, नाही हे लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियात पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८,००० मैलांत तोच दोष चारदा दुरुस्तीला गेला, जीवघेणा दोष दोनदा, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त वर्कशॉपमध्ये राहिली, तर गाडी सदोष असल्याचं गृहीत धरलं जातं. भारतात दोष सिद्ध करायचं ओझं ग्राहकावर आहे, म्हणून तक्रारवहींनी लिहिलेलं जॉबकार्डाचं काम तिकडे दुप्पट महत्त्वाचं.

---

पिंपळपार

खूप उपयोगी. एक उपप्रश्न. ज्या कंपन्या निघून गेल्या त्यांचं काय? शेव्हर्लेने २०१७ ला विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ ला उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. सेकंडहँड इकोस्पोर्ट बऱ्यापैकी स्वस्त मिळतात. गाडी चांगली आणि कंपनी नाही, असं असेल तर?

---

क्लचप्लेट

शेव्हर्ले आणि फोर्ड एका तराजूत घालू नका. शेव्हर्लेचं नाव निघण्याआधीच खालावलं होतं. २०१३ मध्ये उत्सर्जन चाचणीतल्या गडबडीमुळे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलवाव्या लागल्या होत्या. फोर्डवाल्यांचा राग वेगळा आहे: गाडीबद्दल तक्रार नाही, सोडून गेल्याबद्दल आहे.

इकोस्पोर्टमध्येही युनिट बघूनच घ्या. २०१३ ते २०१७ मधली १.५ पेट्रोल ऑटोमॅटिक म्हणजे एडिसनकरांनी लिहिलेली तीच पॉवरशिफ्ट, ती सोडा. नोव्हेंबर २०१७ च्या फेसलिफ्टनंतरच्या पेट्रोल ऑटोमॅटिकला टॉर्क कन्व्हर्टर आहे, ती चालेल. १.५ डिझेल मॅन्युअल सगळ्यात निर्धोक, पण टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करूनच भाव बोला.

१.० इकोबूस्ट फार काळजीपूर्वक. तिचा बेल्ट इंजिन तेलात फिरतो. चुकीच्या ग्रेडचं तेल भरलं किंवा तेल उशिरा बदललं की रबर फुगून त्याचे कण तेल पंपाच्या जाळीत अडकतात आणि दाब पडतो. तेल भरायचं झाकण उघडून टॉर्चने बेल्टची कड बघा. भेगा, पिसं सुटलेली कड किंवा फुगलेला बेल्ट दिसला तर गाडी तिथेच सोडा. सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर तेलाची ग्रेड आणि फोर्डचा स्पेसिफिकेशन नंबर लिहिलेला हवा. नुसतं "इंजिन ऑइल" लिहिलेली बिलं या इंजिनासाठी बिलं नसल्यासारखीच.

---

कोकणसडा

त्यात एक भर. बोली करण्याआधी चॅसी नंबर घेऊन जवळच्या चालू फोर्ड सर्व्हिस सेंटरला विचारा की इन्स्ट्रुमेंट क्लस्टर, एअरबॅग मॉड्यूल आणि मागची काच आज मिळते का. इंजिनचे पार्ट बाजारात कुठेही मिळतात. गाडी महिनोन्महिने अडते ती अशा, फक्त त्या मॉडेललाच बसणाऱ्या भागांवर.